सहा पेट्यांचा गॅस

साताऱ्याच्या एमआयडीसीत एक लहानसं वर्कशॉप होतं. थेटरांतली, बँकांतली, साखर कारखान्यांतली आग विझवायची लाल नळकांडी तिथं यायची. ती तपासायची, त्यांत नवा गॅस भरायचा आणि तारखेची चिठ्ठी चिकटवून परत धाडायची, हे काम आप्पासाहेब बावीस वर्षं करत होता. सगळे त्याला आप्पा म्हणत, लेकसुद्धा. पुण्याहून कार्बन डायऑक्साइडचे मोठे सिलिंडर ट्रकनं येत, त्यांतून तो लहान नळकांडी भरायचा. काट्याकडं न बघता, नुसत्या आवाजावरून तो ‘भरलं’ म्हणून सांगायचा. ह्या गॅसनं आग विझते आणि बंद खोलीत सुटला तर माणूस गुदमरतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच गॅसवर झाडं पोसतात, हे मात्र त्याला दीक्षानं सांगितलं.

दीक्षा त्याची एकुलती एक. छप्पन साली आप्पाच्या वडलांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. पुढं नात झाली तेव्हा म्हाताऱ्यानंच हे नाव ठेवलं. पोरगी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाली. पुढं शिकायला कोल्हापूरला जायचं ठरलं होतं, पण त्याच साली तिच्या आईचं, बायडाबाईचं, ऑपरेशन निघालं आणि ते राहून गेलं. घरी बसून करायचं काय, म्हणून तिनं गोडोलीतल्या घराच्या पडवीत एक काचेची पेटी मांडली आणि तिच्यात पाण्यातली झाडं लावली. मासे दोन-चारच, झाडं मात्र गच्च. वर्षभरात एकीच्या सहा पेट्या झाल्या.

तिच्या कॉलेजातल्या बाईंनी तिला परदेशातलं एक मासिक दिलं होतं. त्यात एकाच सिलिंडरवरून ओळीनं मांडलेल्या पेट्यांना गॅस पुरवल्याचं चित्र होतं. दीक्षानं ते वहीत काढून आप्पाला दाखवलं.

“आप्पा, हे जमंल का तुमाला?”

आप्पानं वही उजेडात धरली. “मोठ्या सिलिंडरवर नळकांडी भरतो तसलंच हाय की. फक्त लय बारीक.”

वर्कशॉपातलं जुनं नळकांडं शेठनं त्याला तसंच देऊन टाकलं. आप्पानं लेथवर पितळेची एक भरीव कांडी घेतली, तिला आरपार भोक पाडलं आणि अंगाला सहा बारीक कॉक बसवले. ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाइनच्या वापरलेल्या नळ्या आणल्या. त्या नळ्यांना थेंब मोजायची जी पारदर्शक कुपी असते, तिच्यात पाणी भरलं, की गॅसचा एकेक बुडबुडा मोजता येई. सहा कॉक, सहा नळ्या, सहा कुप्या.

पहिल्या दिवशी बापलेकीची संध्याकाळपर्यंत ओढाताण झाली. एकीचा कॉक जरा सैल केला, की बाकीच्या पाचांचे बुडबुडे मंदावायचे. खोल पेटीला गॅस कमी जायचा, उथळीला जास्त. आप्पा कॉक केसभर फिरवायचा आणि दीक्षा घड्याळ धरून मोजायची.

“तिसरीला कमी पडतंय, आप्पा.”

“तिसरीला दिलं की पाचवी रुसती.”

“सहा पोरांची पंगत वाढल्यासारखंच हाय हे,” दीक्षा म्हणाली आणि हसायला लागली. तेव्हा आप्पालाही हसू आलं. शेवटी सगळ्या पेट्या एका लयीत चालू लागल्या, आणि आठवड्याभरात पानांवर मोत्यासारखे बारीक बुडबुडे दिसायला लागले. पाचगणीच्या टेबललँडवरच्या डबक्यातून आणलेली एक वनस्पती होती, रोटाला नावाची. ती बाहेर हिरवट-तांबूस असायची. गॅस मिळाल्यावर तिचे शेंडे कुंकवासारखे लाल झाले.

सकाळी कामावर जाताना आप्पा मुख्य चावी उघडायचा, दिवस मावळल्यावर पेट्यांवरचे दिवे विझवताना दीक्षा ती बंद करायची. दीड-पावणेदोन महिन्यांनी पडवीतला हा लहान सिलिंडर संपला, की आप्पा तो सायकलच्या कॅरियरला बांधून न्यायचा आणि त्याच दिवशी भरून आणायचा.

शंभूराज आला तो ह्या झाडांसाठीच. सांगलीत विश्रामबागेजवळ त्यानं मासे आणि काचपेट्यांचं दुकान टाकलं होतं. गाव वाळवा तालुक्यात, घरचा ऊस, थोरला भाऊ पलटणीत. दर पंधरा दिवसांनी तो एस.टी.नं यायचा आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली झाडं पेटाऱ्यात भरून न्यायचा. पोरगा सरळ होता. पडवीच्या पायरीवर चपला काढायचा, बायडाबाईच्या हातचा चहा प्यायचा, आणि आप्पाला कॉकमधली अडचण विचारायचा तेव्हा खरोखर शिकण्यासाठी विचारायचा. आप्पाला तो आवडायचा. पुढं जे झालं त्यात हीच गोष्ट त्याला जास्त टोचत राहिली.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी शंभूराज झाडं बांधून झाल्यावर उठला नाही. दीक्षा आत निघून गेली. त्यानं मान खाली घालूनच सांगितलं, “आप्पा, आमच्या आईला एकदा तुमच्याकडं आणायचं म्हणतोय. दीक्षाला विचारलंय मी. तुमी हो म्हणाला तर.”

“घरात बोलला हायस?”

“आईशी. वडलांशी अजून न्हाई. पण आमी सांगलीतच ऱ्हाणार, गावाकडं न्हाई.”

“बघू,” आप्पा म्हणाला.

शंभूराज गेल्यावर तो बराच वेळ पायरीवर बसून होता. वडूजकडच्या गावात, त्याच्या लहानपणी, त्याचा चुलतभाऊ केरबा असाच एका बागायतदाराच्या पोरीशी बोलायचा. फक्त बोलायचा, विहिरीवर, तेही दहा माणसांदेखत. एका दुपारी त्याला उसातून बाहेर काढला तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्यातून उलटा झाला होता. केरबा पुढं तीस वर्षं जगला, पण कुणाशी पूर्ण वाक्य बोलला नाही. पोलिसांत कुणी गेलं नाही. आप्पाच्या बापानं त्या साली गाव सोडलं ते कायमचं. ही गोष्ट बायडाबाईला ठाऊक होती, पण लेकीपुढं कधी निघाली नव्हती. दीक्षा केरबाकाकाला जन्माचा अधू समजत होती.

शंभूराजच्या शब्दावर आप्पाचा अविश्वास नव्हता. त्याच्या मागं जी माणसं होती, ज्यांना आप्पानं कधी बघितलंही नव्हतं, त्यांची त्याला भीती वाटत होती. आणि ‘मला भीती वाटते’ हे लेकीला सांगायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. जी बापाला सगळ्यातलं सगळं येतं असं धरून चालायची, तिला.

पुढच्या सोमवारी सिलिंडर संपला. आप्पानं तो नेहमीसारखा सायकलला बांधून नेला, भरला, सवयीनं त्याच्यावर खडूनं ‘दीक्षा’ लिहिलं. मग तो उचलून गोदामात, जुन्या नळकांड्यांच्या मागं ठेवून दिला. हे त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं. ठेवून झाल्यावर त्यानं स्वतःशी हिशोब जुळवला: गॅस नसला की झाडं नसतील, झाडं नसली की पोरगा कशाला येईल. कुणाला काही बोलायला नको.

संध्याकाळी तो रिकाम्या हातानं घरी आला.

“पुण्यासनं ट्रक आला न्हाई,” तो म्हणाला. “गॅसची टंचाई हाय म्हणं.”

“किती दिवस, आप्पा?”

“चार-आठ दिवस. बघू.”

दीक्षानं लगेच दिवे कमी वेळ लावायला सुरुवात केली. गॅस नसताना उजेड जास्त झाला तर शेवाळ चढतं, असं तिनं त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. पाचव्या दिवशी रोटालाचे शेंडे फिकट पडले. आठव्या दिवशी पानांच्या कडांना काळी लव धरली. ती रोज सकाळी सुरी आणि जुना ब्रश घेऊन एकेक पान पुसायची, सडलेलं छाटायची. रोज संध्याकाळी आप्पाची सायकल दारात वाजली, की पडवीतून विचारायची, “आज आला का?”

“न्हाई.”

मग तिनं गूळ आणि बेकरीतलं यीस्ट आणलं. सरबताच्या सहा बाटल्यांत गुळाचं पाणी करून त्यात यीस्ट घातलं, बुचांना भोकं पाडून नळ्या जोडल्या. त्यातूनही तोच गॅस निघतो, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. पहिले दोन दिवस बुडबुडे धो धो आले, तिसऱ्या दिवशी तीन बाटल्या गप्प झाल्या. चौथीतला फेस नळीतून थेट पेटीत उतरला आणि पाणी ताकासारखं झालं. त्या पेटीतले मासे दुपारपर्यंत वर आले. दीक्षानं ते चाळणीनं काढले, परसात पुरले आणि पुन्हा नवीन गुळाचं पाणी करायला बसली. बाटल्यांची बुचं घट्ट बसत नव्हती. आप्पानं त्यांना मेण लावून दिलं. आपण हे करतोय तरी काय, असं त्याच्या मनात तेव्हा आलं, पण हात मेण लावत राहिले.

बायडाबाईनं त्याला विहाराच्या वाटेवर एकटं गाठलं. “आवं, गॅस खरंच न्हाई का?”

तो वाकून पायातली चप्पल सारखी करत राहिला. तिला तेवढं पुरलं.

“तिला सरळ सांगा की, नगं म्हणून.”

“आणि न्हाई ऐकली तर?”

“न्हाई ऐकली तर भांडू. चार दिवस रडंल, चार दिवस जेवणार न्हाई. पर हे असलं नगं. ती रोज इचारती तुमाला.”

“केरबाचं इसरलीस का तू?”

बायडाबाई पदर सावरून विहाराकडं चालायला लागली. तिनंही दीक्षाला काही सांगितलं नाही.

मधल्या रविवारी शंभूराज आला. द्यायला झाडं नव्हती. त्यानं बाह्या सरसावून तिच्याबरोबर चार पेट्यांचं पाणी बदललं आणि सांगलीत कुठं गॅस मिळतो का ते बघतो म्हणाला. आप्पा त्या दिवशी मुद्दाम बाहेर गेला होता.

सतराव्या दिवशी आप्पाला कराडला एका थेटरात नवी नळकांडी बसवायला धाडलं. परत यायला दिवेलागण झाली. दीक्षा पडवीत नव्हती. आत आईजवळ बसून ती भाकरीचं पीठ मळत होती. त्यानं हातपाय धुतले. ती बाहेर आली, पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं,

“आप्पा, आज आला का गॅस?”

“न्हाई अजून. पुढच्या आठवड्यात म्हणत्यात.”

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

“नक्की न्हाई आला?”

“न्हाई गं. आला असता तर आणला नसता का?”

“बरं,” ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला आत गेली. जेवताना तिनं त्याला दोनदा आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्कशॉपात शिरला, तर त्याच्या हाताखाली काम करणारा ज्ञानू नळकांडी मांडता मांडता सहज म्हणाला, “आप्पा, काल तुमची पोरगी आलती.”

आप्पा जागच्या जागी थांबला. “कवा?”

“दुपारी. एखादं अर्धं उरलेलं नळकांडं असंल तर शेठना इचारून बघते म्हणाली. म्या म्हणलं, आगं अर्धं कशाला, तुझा सिलिंडर भरून पंधरा दिसांच्या वर झालं, आप्पा न्यायचं इसरलं दिसतंय. गोदामात दावला तिला. रिक्षात घालून देतो म्हणलं, तर म्हणाली, राहू द्या काका, आप्पा आणतील.”

“आणि?”

“आणि काय. उभी ऱ्हायली जरा वेळ. सिलिंडरवर तिचं नाव होतं न्हवं, त्यावर हात फिरवला आन गेली.”

म्हणजे काल तिनं विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा तिनं त्याला वाट दिली होती, आणि दोन्ही वेळा तो खोटं बोलून जेवायला बसला होता.

त्यानं सिलिंडर सायकलला बांधला आणि तशीच सुट्टी टाकून घर गाठलं. चढावर सायकल ढकलताना त्याचा श्वास पुरत नव्हता. दीक्षा पडवीत होती. पेट्यांमधली मेलेली झाडं उपसून तिनं घमेल्यात भरली होती. त्यानं सिलिंडर उतरवला, जागेवर उभा केला आणि पाना घेऊन कांडी जोडायला लागला. आटे बसेनात.

“राहू द्या, आप्पा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “दमला असाल, पाणी देते.”

“दीक्षे, माझं ऐक जरा.”

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. केरबाचं, विहिरीचं, उसाचं, बापानं गाव सोडलं त्याचं. कधी तिच्यापुढं न काढलेलं तो पहिल्यांदाच बोलत होता. ती घमेल्याशेजारी बसून ऐकत होती. केरबाकाकाचं ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

“मी भ्यालो, पोरी.”

“हे तुमी मला आधी सांगायचं होतं, आप्पा. मी थांबले असते. नाहीतर भांडले असते. काहीतरी केलं असतं.” तिनं घमेल्यातलं एक सडलेलं झाड उचललं. “तुमी भ्यालात, त्याचं मला काही नाही. पण मी गुळाचं पाणी करत होते आणि तुमी बुचांना मेण लावून देत होता.”

आप्पानं हातातला पाना खाली ठेवला.

शंभूराजला तिनं स्वतः पत्र लिहून बोलावून घेतलं. तो लगेच आला, आईला, राहीबाईला, घेऊन आला. राहीबाई साधी बाई होती. “मी हाय की पाठीशी,” असं तिनं आप्पालाच दोनदा सांगितलं. आप्पा हो म्हणायला तयार होता. खरंतर त्या दिवशी त्यानं हात जोडून हो म्हटलं. पण दीक्षानंच नाही सांगितलं. शंभूराज पायरीवर बसून चपला घालत होता तेव्हा तो आप्पाला म्हणाला, “माझं काय चुकलं एवढं तरी सांगायचं होतं तिनं.” आप्पाला उत्तर ठाऊक होतं आणि देता येत नव्हतं.

जूनमध्ये दीक्षाला मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबोरेटरीत नोकरी लागली. तिनं एक ट्रंक, एक वळकटी घेतली आणि गेली. पेट्यांच्या निगराणीची वही इथंच ठेवली.

आप्पानं पडवी तशी टाकून दिली नाही. गाळातून दोन-चार मुळं जिवंत सापडली होती, ती त्यानं एका पेटीत लावली. वहीतलं तिचं अक्षर बोटानं लावत लावत तो खत, माती, उजेडाचे तास शिकला. वर्षभरात पुन्हा सहाही पेट्या भरल्या. कॉक केसभर फिरवायचा, पण घड्याळ धरून मोजायला शेजारी कुणी नव्हतं. मग तो एका हातात घड्याळ धरायचा आणि दुसऱ्यानं फिरवायचा, आणि नेहमी कुठलीतरी एक पेटी कमी पडायची. बायडाबाई पडवीत येत नसे. परसदारानं जा-ये करायची.

दीक्षाची पत्रं यायची, कामापुरती. ‘तब्येत सांभाळा. आईच्या गोळ्या संपू देऊ नका.’ दिवाळीत ड्युटी असायची. बुद्धपौर्णिमेला ती एकदा आली, संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात आप्पानं रोटालाचा सगळ्यात चांगला जुडगा काढला, झाकणाच्या बादलीत पाण्यात ठेवला आणि बादली मांडीवर घेऊन सकाळच्या गाडीनं मिरजेला गेला. कळवलं नव्हतं. दवाखान्यामागच्या बायकांच्या वसतिगृहाच्या फाटकाशी तो तासभर थांबला. दीक्षा पांढरा कोट हातावर टाकून आली. हाडं दिसायला लागली होती, पण चेहरा शांत होता.

“आप्पा? आई बरी हाय न्हवं?”

“बरी हाय. असंच आलो.”

तिनं त्याला जवळच्या खानावळीत नेलं, समोर बसून जेवू घातलं. तो जेवेपर्यंत बादलीकडं तिनं बघितलं नाही. मग तिनंच झाकण उघडलं, आत बोट घालून एक शेंडा पाण्यावर धरला.

“छान आलीत.”

“तुझ्या वहीत बघून केलं. तुझ्यासाठी आणलंय.”

“इथं खोलीत चार जणी राहतो, आप्पा. पेटी ठेवायला जागा न्हाई.” तिनं झाकण लावलं. “आणि आता मला जमत बी न्हाई. परत न्या. उन्हाच्या बाजूला बसू नका गाडीत, पाणी तापंल.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “शंभूराजचं लग्न झालं. मेमध्ये. मी गेले होते.”

आप्पानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“पोरगी चांगली हाय. राहीबाईंनी मला जवळ घेतलं तिथं.” ती खिडकीबाहेर रस्त्याकडं बघत होती. “त्याच्यावर माझा राग नव्हता, आप्पा, तुमच्यावर बी न्हाई. त्या वेळी तो काहीबी बोलला, तरी मला वाटायचं, ह्यानंबी कुठंतरी काही भरून झाकून ठेवलं असंल. चांगल्या माणसाबद्दल तसं वाटायला लागलं. मग कसं नांदणार मी?”

“अजून वाटतं का तसं?”

तिनं बादलीचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. “कमी झालंय,” ती म्हणाली, आणि ते त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे त्याला समजलं.

ती त्याला स्टेशनवर सोडायला आली. वाटेत आईसाठी औषधाची बाटली घेतली, ती कशी घ्यायची ते दोनदा सांगितलं. गाडीत त्याला सावलीची जागा मिळाली. ती खिडकीशी उभी राहिली.

“आप्पा, पुढच्या वेळी यायच्या आधी पत्र टाका. मी असेन-नसेन.”

“व्हय.”

“आणि एवढं ओझं घेऊन येऊ नका.”

“न्हाई आणणार.”

तिनं घड्याळ बघितलं. ड्युटीची वेळ झाली होती. गाडी हलायच्या आधीच ती जिन्याकडं वळली, आणि गर्दीत तिचा पांढरा कोट थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

समोरच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. सांगली मागं पडली तेव्हा त्यानं पानाची चंची उघडत विचारलं, “पोरीकडं गेलतासा जणू?”

“व्हय.”

“दिलीय मिरजंत?”

“न्हाई. नोकरी करती. दवाखान्यात.”

“मग बरं चाललंय म्हणायचं.”

“व्हय,” आप्पा म्हणाला. “बरं चाललंय.”

म्हाताऱ्यानं पान पुढं केलं. आप्पानं ते घेतलं आणि बराच वेळ तसंच हातात धरून बसला.